अर्धवट सांगाडा, पुरता अंदाज

बांधकाम पुरे होण्याआधीच त्याविषयी भाकिते करण्याचा छंद जगभर हजारो लोकांना आहे. ही भाकिते धरणांविषयी किंवा पुलांविषयी नसतात, ती असतात रोलर कोस्टरविषयी. रोलर कोस्टर म्हणजे चढउतारांच्या, तीव्र वळणांच्या, कधी चक्क उलट्या होणाऱ्या पोलादी रुळांवरून धावणारी करमणुकीची गाडी. एखाद्या उद्यानात तिच्यासाठी खोदकाम सुरू झाले की हे चाहते कुंपणाबाहेर उभे राहतात. पायाचे खड्डे मोजतात, मालमोटारीतून उतरलेल्या रुळांच्या तुकड्यांची छायाचित्रे काढतात आणि गाडी किती उंच चढेल, किती वेगाने धावेल, किती वेळा उलटी होईल, हे उद्यानाने जाहीर करण्याआधी सांगू पाहतात. अमेरिकेत अशा चाहत्यांची संघटना १९७८ सालापासून आहे. जगभरच्या रोलर कोस्टरांची मापे नोंदवणारा एक मोठा माहितीसंग्रह १९९६ साली एका हौशी माणसाने सुरू केला आणि आज तो या विषयातला नेहमीचा आधार झाला आहे.

हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असे वरवर वाटेल. पण अपुऱ्या माहितीवरून अनुमान काढणे, ते आधी बोलून दाखवणे आणि मग वस्तुस्थितीने ते खरे की खोटे ठरवू देणे, हा तर विज्ञानाचा रोजचा व्यवहार आहे. आपल्या वर्गात यातले किती घडते? या लेखात या छंदाची परीक्षा करायची आहे आणि त्याच मापाने आपल्या भौतिकशास्त्रातल्या नेहमीच्या उदाहरणांचीही.

अहमदपूरच्या विद्यार्थ्याला रोलर कोस्टर जवळ नाही. खोपोलीजवळच्या 'इमॅजिका' उद्यानापर्यंत जायचे तर चारशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता आहे. पण छंदाचे मूळ मात्र त्याच्या ओळखीचे आहे. नांदेड रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. जनावरांच्या बाजाराबरोबर तिथे आकाशपाळणेही येतात. ट्रकमधून लोखंडी आरे उतरू लागले की भोवती पोरांचे कोंडाळे जमते आणि वाद सुरू होतो : यंदाचा पाळणा मागच्यापेक्षा मोठा आहे की नाही? हा वाद आणि परदेशी चाहत्यांचा वाद एकाच जातीचा आहे. फरक पुढे काय होते यात आहे.

कुंपणाबाहेरून काय दिसते?

चाहत्यांच्या अंदाजांतला चांगला भाग आधी पाहू. त्यांची पहिली खूण म्हणजे रुळांचा छेद. प्रत्येक कारखान्याची रूळ बनवण्याची पद्धत वेगळी असते. स्वित्झर्लंडच्या 'बोलिगर अँड माबिलार्ड' या कंपनीच्या रुळाखाली चौकोनी पेटीसारखा जाड कणा असतो. तो ओळखीचा आहे. असा एक तुकडा दिसला की कारखाना कळतो, आणि कारखाना कळला की गाडीचे काय काय प्रकार संभवतात ते कळते. जीवाश्माच्या एका दातावरून प्राण्याचे कुळ ओळखावे तसे हे आहे.

दुसरी खूण म्हणजे वळणावरील रुळांचा कल. सपाट रस्त्याच्या वळणावर बाहेरची कड उंच ठेवतात, त्याचेच हे मोठे रूप. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या आणि गुरुत्व त्वरण यांचा गुणाकार, हे गुणोत्तर म्हणजे कलाच्या कोनाची स्पर्शज्या. कल ४५ अंश असेल तर ती १ येते. वळणाची त्रिज्या २० मीटर धरली तर वेगाचा वर्ग २० × ९.८ = १९६ आणि वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर. गाडी अजून आलेली नाही, वीज जोडलेली नाही, पण रूळच सांगतो की इथून काय वेगाने जायचे आहे. अर्थात रचनाकार थरारासाठी मुद्दाम जास्त कल ठेवत असेल तर हा हिशेब चुकेल. हुशार चाहता ही अट अंदाजासोबतच सांगतो.

तिसरी खूण उंचीची. साखळीने वर ओढून सोडलेल्या गाडीचा वेग तिच्या घसरणीवर ठरतो. वेगाचा वर्ग = २ × गुरुत्व त्वरण × घसरणीची उंची. यात वस्तुमान येत नाही. गाडी भरलेली असो की रिकामी, घर्षण सोडले तर उत्तर तेच. म्हणून पहिला चढ उभा राहिला की चाहते लगेच वेग सांगू लागतात. इथेच त्यांची खरी परीक्षा होते.

चाळीस मीटर आणि एकशेपाच किलोमीटर

'इमॅजिका' उद्यान २०१३ साली सुरू झाले आणि त्याच वर्षी तेथील 'नायट्रो' ही रोलर कोस्टरही धावू लागली. ती याच स्विस कंपनीने बनवली आहे. डब्यांना तळ नाही, त्यामुळे प्रवाशांचे पाय मोकळे लोंबतात. गाडी पाच वेळा उलटी होते. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे तिची उंची सुमारे ४० मीटर आणि कमाल वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर आहे.

आता अहमदपूरच्या विद्यार्थ्याने वही काढावी. २ × ९.८ × ४० = ७८४. याचे वर्गमूळ अगदी सुबक आहे : २८. सेकंदाला २८ मीटर म्हणजे ताशी १००.८ किलोमीटर. हा घर्षण आणि हवेचा विरोध अजिबात नाही असे धरून काढलेला वेग आहे. प्रत्यक्षात तो याहून कमीच भरला पाहिजे. मग १०५ आले कुठून?

उलट हिशेब करू. ताशी १०५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २९.२ मीटर. तेवढ्या वेगासाठी घसरण हवी सुमारे ४३ मीटर. तीन-साडेतीन मीटर कमी पडतात. शिखरावर गाडी स्तब्ध नसते, साखळीने दिलेला थोडा वेग तिच्यापाशी असतो हे खरे. पण तो सेकंदाला ३ मीटर धरला तरी त्याने जेमतेम अर्ध्या मीटरची भरपाई होते. घर्षणाचे नुकसान धरले तर तूट वाढतेच.

आकडे खोटे आहेत असा निष्कर्ष घाईने काढू नये. 'उंची' आणि 'घसरण' या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे इथे शिकण्यासारखे आहे. उंची जमिनीपासून मोजतात. पण जमीन उताराची असेल किंवा खाली खोदलेली असेल, तर गाडी जमिनीच्या त्या खुणेखालीही उतरू शकते. याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स उद्यानातले 'नेमेसिस'. ती १९९४ साली सुरू झाली. झाडांच्या शेंड्यांवर काही दिसता कामा नये असे बंधन असल्यामुळे तिच्यासाठी खडक फोडून खोल खड्डा केला होता. तिचा सर्वांत उंच बिंदू जमिनीपासून अवघा १३ मीटर होता, घसरण मात्र सुमारे ३२ मीटर. वरच्या सूत्राने १३ मीटरला ताशी ५७ किलोमीटर येतात आणि ३२ मीटरला ९०. प्रसिद्ध झालेला वेग होता ८१. झाडांवर नजर ठेवून अंदाज करणारा येथे फसला असता आणि खड्ड्यात डोकावणारा बराच जवळ पोचला असता. घर्षणाचा वाटाही ९० आणि ८१ यांच्या फरकात दिसतो.

म्हणजे 'नायट्रो'विषयी विचारण्याचे प्रश्न ठरले. गाडीचा सर्वांत खालचा बिंदू कुठे आहे? ४० मीटर कुठून मोजले? वेग मोजलेला आहे की गणिताने काढलेला? आकडे पूर्ण करताना किती सैल सोडले? सहलीला जाणाऱ्या शाळेने हे प्रश्न लिहून न्यावेत. जाहिरातीतल्या दोन आकड्यांचा आपसात मेळ बसतो का, हे घरबसल्या तपासता येते, ही गोष्ट विद्यार्थ्याला रोलर कोस्टरपेक्षा मोठी वाटली पाहिजे.

सूत्राची मर्यादाही लगेच दाखवावी. अबू धाबीतील 'फॉर्म्युला रोसा' २०१० साली सुरू झाली. तिची उंची सुमारे ५२ मीटर आणि वेग ताशी २४० किलोमीटर. ५२ मीटरवरून घसरून ताशी ११५ किलोमीटरपलीकडे जाताच येत नाही. इथे उंची वेग देत नाही. द्रवदाबावर चालणारी यंत्रणा गाडीला सुरुवातीलाच ढकलून देते. म्हणून अंदाज करणाऱ्याने सूत्र वापरण्याआधी विचारले पाहिजे : या गाडीला ऊर्जा देतो कोण? साखळीचा चढ दिसत नसेल तर हे सूत्र बाजूला ठेवावे.

इच्छा आणि अंदाज

आता या छंदातले दोष. पहिला दोष असा की अंदाजात इच्छा मिसळते. आपल्या आवडत्या उद्यानात जगातली सर्वांत उंच गाडी यावी असे चाहत्याला वाटत असते. मग जाड खांब दिसला की त्याला विक्रम दिसतो. खांब जाड असण्याची दुसरी कारणेही असतात : माती मऊ असेल, वाऱ्याचा जोर असेल किंवा त्या ठिकाणी गाडी ब्रेकने थांबायची असेल. एका खुणेची तीन कारणे संभवत असताना आवडते तेच निवडणे हा तर्क नव्हे. तो नवस झाला.

दुसरा दोष म्हणजे जे दिसते तेवढ्यावरच बोलणे. ऑल्टन टॉवर्समध्येच २०१० साली 'थर्टीन' सुरू झाली. बाहेरचे रूळ पाहिले तर ती साधीच गाडी. तिचे वैशिष्ट्य बंद इमारतीत दडले होते. तिथे अंधारात गाडी थांबते आणि रुळाचा तुकडाच गाडीसकट सुमारे पाच मीटर खाली पडतो. बाहेर उभे राहून रुळांची लांबी मोजणाऱ्याला हे कळणे शक्य नव्हते. 'मला दिसले नाही' आणि 'तिथे नाही' या दोन वाक्यांतले अंतर प्रयोगवहीतही पुसले जाते, म्हणून हा दोष शिक्षकांनी खास लक्षात ठेवावा.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. शंभर जणांनी शंभर आकडे सांगितले तर एकाचा बरोबर येणारच. पुढे आठवण राहते ती त्याचीच. लागलेला बाण सगळे दाखवतात, पालापाचोळ्यात पडलेले कोणी वेचत नाही. आधी लिहून न ठेवलेला, तारीख नसलेला आणि 'असेही होईल किंवा तसेही' अशा शब्दांत सांगितलेला अंदाज कधी चुकत नाही. म्हणूनच त्याची किंमत शून्य असते.

चौथी गोष्ट उद्यानांविषयी. ही उत्सुकता फुकटची जाहिरात आहे हे उद्यानांनी केव्हाच ओळखले आहे. ऑल्टन टॉवर्स आपल्या नव्या गाड्यांना बांधकामाच्या काळात 'गुप्त शस्त्र' असे सांकेतिक नाव आणि क्रमांक देत असे. सौदी अरेबियात रियाधजवळ किद्दिया येथील 'फाल्कन्स फ्लाइट' २०१९ साली जाहीर झाली आणि २०२५ च्या अखेरीस सुरू झाली. मधल्या काळात सुमारे १९५ मीटर उंची आणि ताशी २५० किलोमीटर वेग हे आकडे जगभर फिरत राहिले. अशा वेळी चाहत्याचे काम बदलते. आकडे तयारच मिळतात, त्यांची परीक्षा करणे उरते. जो केवळ ते आकडे पुढे सांगत सुटतो तो अंदाज करत नाही, जाहिरात वाटतो.

आपली उदाहरणे

इतके दोष असूनही एका बाबतीत हे चाहते आपल्या वर्गाच्या पुढे आहेत : त्यांचे उत्तर शेवटी लोखंडाशी ताडून पाहिले जाते. आपले उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानाशी ताडले जाते.

नेहमीचे उदाहरण घ्या. 'एक गाडी घर्षणरहित उतारावरून सोडली आहे. पुढे र त्रिज्येचे उभे वर्तुळ आहे. वर्तुळ पुरे करण्यासाठी ती कमीत कमी किती उंचीवरून सोडावी?' उत्तर : त्रिज्येच्या अडीचपट. विद्यार्थी हे झरझर सोडवतो, गुण मिळतात आणि विषय संपतो. पण त्याच गणितात पुढे दडलेले वाक्य कोणी वाचत नाही. तळाशी वेगाचा वर्ग त्रिज्या आणि गुरुत्व त्वरण यांच्या गुणाकाराच्या पाचपट असतो. म्हणून तळाशी प्रवाशाला आपले वजन सहापट भासते. पन्नास किलोच्या मुलाला तीनशे किलोचा भार. त्रिज्या कितीही बदला, सहापट ही सहापटच राहते.

हे 'सहापट' मुले दोरीच्या ताणातील फरक म्हणून पाठ करतात. त्याचा अर्थ मान आहे, कणा आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. १८९५ साली न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथे 'फ्लिप फ्लॅप' नावाची गाडी अशाच गोल वर्तुळातून फिरवली गेली. प्रवाशांच्या मानांना बसणाऱ्या हिसक्यांमुळे ती बदनाम झाली आणि टिकली नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या 'ग्रेट अमेरिकन रेव्होल्यूशन'मध्ये जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी गोल वर्तुळाऐवजी उलट्या थेंबासारखा आकार वापरला. त्याला क्लॉथॉइड म्हणतात. यात वक्रतेची त्रिज्या तळाशी मोठी आणि माथ्यावर लहान असते. उंची तीच ठेवून तळाची त्रिज्या दुप्पट केली तर तळाचा भार सहापटीवरून साडेतीनपटीवर येतो. तेव्हापासून उलटी होणाऱ्या गाड्यांसाठी हाच मार्ग रूढ झाला. आपल्या उदाहरणातले वर्तुळ मात्र अजून गोलच आहे!

२०२० साली आलेल्या बारावीच्या पुस्तकात 'मौत का कुआँ' आणि मोटारसायकलीचा 'मृत्युगोल' यांना जागा मिळाली ही आनंदाची गोष्ट आहे. जत्रेतले भौतिकशास्त्र पुस्तकात आले. पण तिथेही त्रिज्या दिलेली, घर्षणांक दिलेला, सगळे दिलेले. विद्यार्थ्याने काही पाहायचे नाही, काही गृहीत धरायचे नाही, काही चुकायचे नाही. खऱ्या कुव्यापाशी उभे राहिले तर पहिला प्रश्न हाच की त्रिज्या कशी काढू? फळ्या मोजून? पावले टाकून? आकडेमोड त्यानंतरची.

वर्गात काय करावे?

यासाठी रोलर कोस्टर लागत नाही. यात्रेत पाळणा उभा राहण्याआधी आरे जमिनीवर पडलेले असतात. दोरीबाहेर उभे राहून आऱ्याची लांबी शेजारच्या माणसाच्या उंचीशी ताडून ठरवता येते. समजा ती ७ मीटर वाटली. मधला आस ज्या तिकाटण्यावर बसणार तिची उंची ८ मीटर वाटली. मग माथा १५ मीटरवर हवा. हा आकडा तारखेसह वहीत लिहावा, त्याखाली 'एवढा फरक चालेल' हेही लिहावे. दोन दिवसांनी पाळणा उभा राहिला की त्याची सावली आणि एका मीटरच्या काठीची सावली एकाच वेळी मोजून उंची काढावी. मग फेरीला लागणारा वेळ घड्याळावर पाहावा. ७ मीटर त्रिज्येचा पाळणा दहा सेकंदांत एक फेरी घेत असेल तर माथ्यावर वजन सुमारे २८ टक्क्यांनी कमी आणि तळाशी तेवढेच जास्त भासले पाहिजे. पोटात गोळा येतो तो नेमका कुठे, हे बसणाऱ्याने सांगावे आणि गणिताशी जुळते का ते पाहावे.

पाळणा नसेल तर गावात काहीतरी बांधले जात असतेच : पाण्याची टाकी, रस्त्यावरचा पूल, शाळेची नवी खोली. टाकीच्या खांबांवरून आणि घेरावरून ती किती लिटरची होणार हे सांगावे आणि पुरी झाल्यावर तिच्यावर रंगवलेल्या आकड्याशी ताडावे. गुण उत्तराला देऊ नयेत. द्यायचेच तर तीन गोष्टींना द्यावेत : काय पाहिले, काय गृहीत धरले, आणि काय दिसले असता हा अंदाज मी सोडून देईन.

एक पथ्य मात्र सांगून ठेवावे. पाळण्याची उंची अंदाजाने काढावी, त्याची मजबुती नाही. बोल्ट घट्ट आहे की नाही, हे 'असेल' या शब्दावर सोडायचे नसते. जोडणी चालू असताना मुलांनी दोरीच्या आत जायचे नाही आणि जोडणाऱ्याने प्रत्येक बोल्ट हाताने तपासायचा. अंदाज कुठे थांबतो आणि तपासणी कुठे सुरू होते हे कळणेही शिक्षणच आहे.

या सगळ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आपल्या भागात सर्वांत महाग अंदाज पावसाचा असतो. मृगाच्या आगेमागे पारावर रोज नवे भाकीत ऐकू येते. 'येत्या दिवसांत कुठे ना कुठे पडेल' हे भाकीत कधी खोटे ठरत नाही, पण त्यावर विसंबून टाकलेले बियाणे करपून जाते आणि दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो. किती पाऊस, कुठे, किती दिवसांत, आणि मागच्या वेळी सांगितले होते त्याचे काय झाले, हे चार प्रश्न विचारणारा मुलगा आपल्या वर्गातून बाहेर पडला, तर त्याने रोलर कोस्टर कधी पाहिली नाही तरी चालेल.